पडद्याइतकेच लक्ष आवाजाकडेही द्यावे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या नाशिकमध्ये चित्रपटगृहांचा विषय निघाला की बोलणे तिकिटांचे दर, पॉपकॉर्नची किंमत, गाडी लावण्याची सोय आणि खुर्च्यांची अवस्था यांवर येऊन थांबते. चित्रपट कसा दिसला हेही कोणी सांगतो. पण तो ऐकायला कसा होता, हा प्रश्न सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. नोकरीची बहुतेक वर्षे मी चित्रपटगृहांतील ध्वनियंत्रणा बसवण्यात आणि तिची देखभाल करण्यात घालवली असून निवृत्तीनंतर आता इतरांप्रमाणे तिकीट काढून चित्रपट पाहतो. मल्टिचॅनेल डिजिटल ध्वनीमुळे प्रेक्षकाला नेमके काय मिळते आणि यंत्रणा बसवलेली असूनही ते आपल्या शहरातील प्रेक्षकाच्या पदरात पुरते का पडत नाही, हे वाचकांसमोर मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जास्त स्पीकर म्हणजे जास्त गोंगाट, असा अनेकांचा पक्का समज आहे. विसर्जन मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात, छातीत धडधडते. त्या अनुभवामुळे घरातील वडीलधारी माणसे 'आता कान सोसत नाहीत' असे म्हणून चित्रपटगृहात येण्याचेही टाळतात. वास्तविक मल्टिचॅनेल ध्वनीचा हेतू आवाज वाढवण्याचा नाही, तो आवाजांना वेगवेगळ्या वाटा करून देण्याचा आहे. ज्याला आपण ५.१ म्हणतो त्यात पडद्यामागे डावा, मधला आणि उजवा असे तीन चॅनेल असतात, बाजूच्या भिंतींपासून मागच्या भिंतीपर्यंत गेलेल्या स्पीकरांचे डावे आणि उजवे असे दोन सराउंड चॅनेल असतात, आणि शेवटचा '.१' हा फक्त १२० हर्ट्झच्या खालच्या, ढगांच्या गडगडाटासारख्या खर्ज आवाजांसाठी राखलेला असतो. पडदा जवळून पाहिला तर त्याला सर्वत्र बारीक छिद्रे दिसतात. पडद्यामागच्या स्पीकरांचा आवाज त्यांतूनच आपल्यापर्यंत येतो आणि म्हणून संवाद पात्राच्या तोंडून आल्यासारखा वाटतो.

एकाच वाटेने संवाद, पार्श्वसंगीत, पाऊस आणि रस्त्यावरची रहदारी असे सगळे पाठवले की ते एकमेकांना झाकून टाकतात आणि संवाद कळावा म्हणून एकूण आवाज चढवावा लागतो. तेच आवाज वेगवेगळ्या दिशांनी आले तर आपले कान त्यांना आपोआप वेगळे करतात. लग्नाच्या मांडवात चारी बाजूंनी बोलणी चाललेली असतानाही समोरच्या पाहुण्याचे बोलणे आपल्याला कळते ते कानांच्या याच शक्तीमुळे. संवाद मधल्या चॅनेलमध्ये, संगीत बहुतांशी डाव्या-उजव्या चॅनेलांत आणि पाऊस, पाखरे, गर्दी यांचे आवाज सराउंडमध्ये ठेवले, की कमी आवाजातही शब्द न् शब्द ऐकू येतो. ज्यांचे कान वयोमानाने थोडे मंद झाले आहेत, त्यांना या पद्धतीचा फायदा सर्वांत जास्त होतो.

मधल्या चॅनेलचे मोल आणखी एका कारणाने मोठे आहे. घरातल्या टीव्हीप्रमाणे डावा आणि उजवा असे दोनच स्पीकर असले, तर संवाद मधोमध आल्याचा भास फक्त मधोमध बसलेल्याला होतो; बाजूच्या खुर्चीतल्या माणसाला तोच संवाद जवळच्या स्पीकरकडे ओढल्यासारखा ऐकू येतो आणि दिसणारे तोंड एका ठिकाणी, आवाज दुसऱ्या ठिकाणी असे होते. घरात एक-दोन माणसे असतात, तिथे हे चालून जाते. तीनशे माणसांच्या प्रेक्षागृहात मात्र मधल्या मोजक्या खुर्च्या सोडून बाकी सर्वांवर अन्याय होतो. मधला स्पीकर संवाद पडद्यावर पक्का बांधून ठेवतो, त्यामुळे उशिरा आल्यामुळे कडेची खुर्ची मिळालेल्या प्रेक्षकालाही तोच संवाद त्याच जागेवरून मिळतो.

हे तंत्र डिजिटल झाल्याने काय फरक पडला, हे नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल, म्हणून थोडे मागे जातो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्राच्या कडेला आवाजाची एक नागमोडी पट्टी छापलेली असे. प्रोजेक्टरमधल्या छोट्या दिव्याचा प्रकाश त्या पट्टीतून आरपार जाई, पलीकडचा फोटोसेल त्या कमी-जास्त प्रकाशाचे विजेत रूपांतर करी आणि त्यातून आवाज निर्माण होई. ही रचना साधी आणि भरवशाची होती, पण प्रकाश जसा पट्टीतून जाई तसाच तो पट्टीवरच्या ओरखड्यांतून आणि धुळीतूनही जाई. नव्या प्रिंटचा आवाज स्वच्छ असे. मोठ्या शहरांत महिनोन्महिने फिरून जुनी प्रिंट जिल्ह्याच्या आणि मग तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत तिच्यात खरखर भरलेली असे. ही खरखर लपवण्यासाठी जुन्या मोनो, म्हणजे एकाच वाटेच्या, पद्धतीत आवाजाचा वरचा भाग मुद्दाम कापला जाई, म्हणजे रोगाबरोबर रोग्याचीही ताकद जाई. चांगल्या मल्टिचॅनेल ध्वनीची सोय पूर्वीही होती, पण ती ७० मिलिमीटरच्या प्रिंटवर, सहा चुंबकीय ट्रॅकच्या रूपात. ती प्रिंट महाग, यंत्रे महाग आणि दाखवू शकणारी चित्रपटगृहे मोजकी. १९७५ साली 'शोले' ७० मिलिमीटर आणि स्टिरिओफोनिक ध्वनीसह आला, तरी लहान गावांनी तो साध्या प्रिंटवर, एकाच स्पीकरमधून ऐकला.

१९९२ मध्ये डॉल्बी डिजिटल आणि १९९३ मध्ये डीटीएस व सोनीचे एसडीडीएस या डिजिटल ध्वनीच्या पद्धती आल्या, तेव्हा हे चित्र पालटू लागले. या तिन्ही पद्धतींनी एकाच फिल्मपट्टीवर आपापली जागा कशी शोधली, हे मला आजही विलक्षण वाटते. डॉल्बीने फिल्मच्या कडेला असलेल्या दोन भोकांमधल्या इवल्याशा चौकोनात ठिपक्यांच्या रूपात सहा चॅनेलची माहिती छापली. सोनीने फिल्मच्या दोन्ही बाहेरच्या कडा वापरल्या आणि आठ चॅनेल दिले. डीटीएसने आवाज वेगळ्या डिस्कवर ठेवला आणि फिल्मवर, चित्र आणि जुनी ध्वनिपट्टी यांच्या मधल्या फटीत, फक्त टाइमकोडची, म्हणजे डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या खुणांची, बारीक रेघ छापली. जुनी पट्टी तशीच राहिली. त्यामुळे एकच प्रिंट कोणत्याही चित्रपटगृहात चाले आणि डिजिटल माहिती एखाद्या ठिकाणी खराब झाली तर यंत्र आपोआप जुन्या पट्टीवर जाई, खेळ बंद पडत नसे. फिल्म तुटली की ऑपरेटर खराब भाग कापून टोके जोडत असे. असे तुकडे गेले तरी डीटीएसचे यंत्र पुढचा टाइमकोड वाचून डिस्कवरची योग्य जागा गाठत असे आणि ओठ व शब्द पुन्हा जुळत. प्रिंट कितीही वेळा चालली तरी डिस्कवरच्या आवाजात खरखर शिरत नसे. पहिल्या आठवड्याच्या प्रेक्षकाने ऐकलेलाच आवाज पन्नास दिवसांनंतर आलेल्या प्रेक्षकाला मिळणे, ही माझ्या मते या तंत्राची सर्वांत मोठी देणगी आहे.

आता फिल्मच उरलेली नाही. चित्रपट हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहामार्फत येतो आणि डिजिटल सिनेमाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यातील आवाज २४ बिट इतक्या बारकाईने, सेकंदाला किमान ४८,००० वेळा मोजून नोंदलेला आणि कोणतीही काटछाट न केलेला असतो. हे मानक पाळले असेल तर मुंबईच्या चित्रपटगृहात गेलेली आणि मालेगाव किंवा सिन्नरला आलेली फाइल यांत तिळमात्र फरक नसतो. मोठे शहर आणि लहान गाव यांच्यातली ध्वनीची दरी निदान प्रिंटच्या पातळीवर बुजलेली आहे. जे काही बिघडते ते त्यानंतर, चित्रपटगृहाच्या चार भिंतींत बिघडते.

बिघडते कसे, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण माझा खरा मुद्दा तोच आहे. प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये ध्वनियंत्रणेचा एक प्रोसेसर असतो आणि त्यावर आवाज कमी-जास्त करण्याचा खटका, म्हणजे फेडर असतो. प्रचलित यंत्रांवर त्याचे आकडे शून्य ते दहा असतात. यंत्रणा लावताना तंत्रज्ञ प्रेक्षागृहात मायक्रोफोन ठेवतो, पिंक नॉइज नावाचा सलग सळसळणारा आवाज एकेका चॅनेलमधून सोडतो आणि फेडर सातवर असताना पडद्यामागच्या प्रत्येक चॅनेलचा आवाज ८५ डेसिबल आणि प्रत्येक सराउंडचा ८२ डेसिबल भरेल, अशी जुळणी करतो. चित्रपटाचे ध्वनिमिश्रण ज्या स्टुडिओत होते तिथेही हीच जुळणी असते. म्हणजे फेडर सातवर असेल तर दिग्दर्शकाने आणि ध्वनिसंयोजकाने जे ऐकून पसंत केले तेच आपल्याला ऐकू येते. हा फेडर सातवरून चारवर आणला तर आवाज सुमारे १० डेसिबलने उतरतो आणि कानाला तो साधारण निम्मा वाटतो. मोठे आवाज तेव्हाही ऐकू येतात. बुडतात ते हळू आवाज. पुटपुटलेला संवाद, श्वास, दाराची कडी, लांबून येणारी हाक हे सगळे वातानुकूलन यंत्राच्या घरघरीखाली जाते.

आणि फेडर खाली का येतो? चित्रपटापूर्वीच्या जाहिरातींमुळे. जाहिरातदाराला आपली जाहिरात सर्वांत ठसठशीत हवी असते, म्हणून ती पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत टिपेला पोहोचलेली असते. लहान मुले कानांवर हात ठेवतात, कोणीतरी उठून दारावरच्या माणसाकडे तक्रार करतो, तक्रार केबिनमध्ये पोहोचते आणि आवाज उतरवला जातो. प्रेक्षकाची तक्रार अगदी रास्त असते. पण मुख्य चित्रपट सुरू झाल्यावर तो आवाज पुन्हा वर नेण्याची आठवण कोणाला राहत नाही. बहुपडदा चित्रपटगृहांत तर एकच माणूस अनेक पडदे सांभाळत असतो, त्याने किती ठिकाणी धावावे? मग अर्ध्या चित्रपटात शेजारचा शेजाऱ्याला 'काय म्हणाला तो?' असे विचारत राहतो आणि घरी जाऊन 'संवाद काही कळले नाहीत' असा दोष चित्रपटाला लागतो. यावरचा उपाय जवळजवळ फुकटचा आहे. आजच्या डिजिटल सर्व्हरवर खेळाची यादी लावतानाच जाहिरातींसाठी फेडरचा एक आकडा आणि मुख्य चित्रपटासाठी दुसरा आकडा अशी आज्ञा देऊन ठेवता येते. एकदा लावून ठेवली की ती प्रत्येक खेळाला आपोआप पाळली जाते. आपल्या शहरातील चित्रपटगृहांच्या व्यवस्थापकांनी एवढे एकच काम केले, तरी प्रेक्षकांचा दुवा मिळेल.

दुसरा रोग देखभालीचा. मध्यंतरी शहरातील एका चित्रपटगृहात मराठी चित्रपट पाहताना पहिल्या दोन वाक्यांतच माझ्या लक्षात आले की पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधला वरचे सूर काढणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, बंद पडला आहे. आवाज येत होता, भरपूर येत होता, पण त्यात स, श, च, ठ यांची धार नव्हती. पडद्यावरचा सावकार 'साठ' म्हणाला की 'आठ', हे प्रसंगावरून ताडावे लागत होते. स्वरांचा जोर खालच्या सुरांत असतो, पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे आणि स, श यांसारख्या व्यंजनांचा जीव वरच्या सुरांतच असतो. तो ड्रायव्हर गेला की आवाज कितीही वाढवला तरी शब्द उलगडत नाहीत. मागच्या उजव्या कोपऱ्यातले सराउंडही मुके होते. मध्यंतरात मी हे व्यवस्थापकांच्या कानावर घातले, तेव्हा त्यांनी सौजन्याने ऐकून घेतले आणि 'आजवर कोणाची तक्रार आली नाही' असे सांगितले. ते खरेच बोलत असणार. पडदा फाटला तर पहिल्याच खेळाला ओरड होते. स्पीकर मुका झाला तर तो मुका आहे हे कळण्यासाठी तो बोलता असताना कसा होता, हे ठाऊक असावे लागते.

जुन्या एकपडदा चित्रपटगृहांची अडचण वेगळी आहे. विजयानंद, मधुकर, हेमलता, सर्कल ही नावे उच्चारली तरी माझ्या पिढीच्या नाशिककराचे मन भरून येते, आणि अशा मोठ्या प्रेक्षागृहांविषयी मी आस्थेनेच लिहीत आहे. त्या काळी राज्यभर बांधलेली प्रेक्षागृहे एकाच स्पीकरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेण्यासाठी बांधलेली होती. उंच छत आणि गिलावा केलेल्या उघड्या भिंती आवाज परतवत, आणि तेव्हा ते सोयीचेही होते. मल्टिचॅनेल ध्वनीला मात्र तेच बाधते. तीस मीटर लांबीच्या प्रेक्षागृहात पडद्याकडून निघालेला संवाद मागच्या भिंतीवर आपटून पुढच्या रांगेपर्यंत परत यायला सेकंदाचा सुमारे सहावा भाग लागतो, आणि तेवढ्यात पुढचे अक्षर उच्चारले गेलेले असते. एक अक्षर दुसऱ्यावर सांडते. अशा ठिकाणी नवे स्पीकर घेण्याआधी मागच्या भिंतीवर कापड लावलेली ग्लासवूलची जाड फळकुटे बसवावीत, पंखे आणि कूलर यांची घरघर आटोक्यात आणावी आणि मग यंत्रांचा विचार करावा. मालकांची ओढाताण मला ठाऊक आहे, पण जो थोडा पैसा हाती असेल तो आधी भिंतींवर खर्च करावा, असे मी अनुभवाने सांगतो.

छतातूनही आवाज देणारे डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये आले. त्यात १२८ पर्यंत ध्वनिघटक आणि ६४ पर्यंत स्पीकरवाटा हाताळता येतात. तंत्र उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही. तरीही नीट जुळवलेले आणि दर काही महिन्यांनी तपासलेले साधे ५.१ हे दुर्लक्षित ॲटमॉसपेक्षा केव्हाही चांगले, हे माझे ठाम मत आहे.

मराठी चित्रपटांच्या बाबतीत हा विषय अधिक जिव्हाळ्याचा होतो. हाणामारीच्या भव्य चित्रपटात थोडा आवाज हरवला तरी कथा हरवत नाही. मराठी चित्रपट बहुतेक वेळा माणसांच्या बोलण्यावर, बोलीच्या लहेजावर आणि न बोलता गेलेल्या क्षणांवर उभा असतो. खानदेशी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलीतले वाक्य आपल्याकडच्या प्रेक्षकाला आधीच थोडे कान देऊन ऐकावे लागते. त्यात स्पीकर अधू असेल तर ते वायाच जाते. संगीताचेही तसेच. २०१६ च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. व्हायोलिनचा तो ताफा पडद्याच्या डावीकडून उजवीकडे पसरलेला ऐकणे आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रसूल पूकुट्टी यांना २००९ मध्ये ध्वनिमिश्रणाचा ऑस्कर मिळाला, म्हणजे हे काम जाणणारी माणसे आपल्याकडे आहेत. असे असताना मराठी चित्रपटाला आधीच गैरसोयीची वेळ आणि त्यातही सर्वांत लहान, सर्वांत कमी देखभालीचा पडदा देण्याची जी रीत दिसते, ती दुहेरी अन्याय करणारी आहे. वेळेबद्दल पुष्कळदा आवाज उठतो. कोणता पडदा दिला, याबद्दलही तो उठायला हवा.

आणखी एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. डिजिटल चित्रपटाच्या फाइलमध्ये सोळा चॅनेलपर्यंत जागा असते, आणि नेहमीच्या चॅनेलांखेरीज एक चॅनेल कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, संवाद ठळक केलेला, तर दुसरा दृष्टिहीनांसाठी, पडद्यावर काय चालले आहे याच्या निवेदनाचा ठेवता येतो. हा आवाज हेडफोनवरून फक्त त्या प्रेक्षकाला मिळतो, शेजाऱ्याला त्याचा काही त्रास होत नाही. श्रवण आणि दृष्टिदोष असलेल्या प्रेक्षकांसाठी चित्रपटगृहांत सोयी असाव्यात, याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केली आहेत. आपल्या शहरातील कोणत्या पडद्यावर असे हेडफोन मिळतात, हे तिकीटखिडकीवर ठळक लिहिले, तर कितीतरी घरांतून जो सदस्य एरवी मागे राहतो तोही बरोबर येईल.

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरी जन्मले, १९१३ मध्ये त्यांनी आपला चित्रपटाचा संसार नाशिकला आणला आणि त्यांचे स्मारक आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी उभे आहे. मूकपटांत हयात घालवलेल्या या माणसाला १९३७ च्या 'गंगावतरण'च्या रूपाने एकच बोलपट करता आला. त्यांचे नाव अभिमानाने सांगणाऱ्या शहरात चित्रपट नीट ऐकू यावा, ही अपेक्षा वावगी ठरू नये.

म्हणून शहरातील सर्व चित्रपटगृहचालकांना माझी विनंती आहे की प्रत्येक पडद्याच्या दाराशी आणि तिकीट काढण्याच्या ॲपवरही त्या पडद्याची ध्वनिपद्धत आणि मायक्रोफोन लावून केलेल्या शेवटच्या जुळणीचा महिना लिहावा, आणि ही जुळणी निदान वर्षातून एकदा करून घ्यावी. प्रेक्षकांनीही संवाद कळत नसतील तर चित्रपटाला बोल लावण्याआधी व्यवस्थापकाकडे जाऊन 'मधला स्पीकर तपासा आणि फेडर किती आकड्यावर आहे ते सांगा' एवढे विचारावे. असा प्रश्न एका आठवड्यात चार-पाच जणांनी विचारला, तर तंत्रज्ञाला बोलावणे धाडले जाते, हे मी केबिनच्या आतल्या बाजूने पाहिलेले आहे. ज्या एकपडदा चित्रपटगृहांना तंत्रज्ञाचा खर्च परवडत नाही, त्यांच्यासाठी सकाळच्या पहिल्या खेळाआधी येऊन सर्व चॅनेल तपासून देण्याची आणि तेथील ऑपरेटरला ती तपासणी शिकवण्याची माझी तयारी आहे. त्यासाठी कोणताही मोबदला नको. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिलेला आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त ध्वनितंत्रज्ञ, नाशिक